बोरनहाणातला फोटो का हलतो?

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात काढलेले लेकरांचे फोटो छान येतात. कडब्याच्या कोपीभोवती पळणारी पोरं, वाऱ्यावर उडालेला फ्रॉक, अंबिलाच्या तांब्याकडे झेपावलेला हात, सगळं जिथल्या तिथं आणि लख्ख. पुढे संक्रांत येते आणि त्याच लेकराचं घरात बोरनहाण होतं, म्हणजे डोक्यावरून बोरं ओतली जातात. कॅमेरा तोच, फोटो काढणारा काकाही तोच. पण या वेळी चेहऱ्याच्या जागी पुसट डाग दिसतो, डोक्यावरून ओघळणाऱ्या बोरांच्या तपकिरी रेघा होतात आणि हलव्याच्या मुकुटाला दोन-दोन कडा फुटतात. "फोटो हलला," म्हणून तो पुसला जातो. काकाचा हात थरथरला असेल, असं सगळे धरून चालतात.

हाताचा यात फारसा दोष नसतो. घरात उजेड कमी असतो, आणि तो कमी उजेड लेन्स किती रुंद वाटेने आत घेते यावर सगळं ठरतं. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या जुन्या गावातलं माळवद असो की नव्या वसाहतीतला स्लॅब, कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची झूम लेन्स (हिलाच किट लेन्स म्हणतात) संध्याकाळी सहानंतर कमी पडते. मग कुणीतरी सांगतं, "फास्ट प्राइम लेन्स घे." कोणती घ्यायची, हे मात्र सांगणारा ज्या खोलीत राहतो तिच्यावरून सांगतो. ते आपल्या खोलीवरून ठरवता यावं, म्हणून आधी हे सगळं चालतं कसं ते पाहू.

डोळ्याला पुरतं, कॅमेऱ्याला पुरत नाही

कंधारच्या भुईकोट किल्ल्यात भर दुपारी दरवाज्याच्या कमानीखाली शिरलं की क्षणभर अंधारून येतं. मग डोळा सरावतो आणि दगडावरची घडाई दिसू लागते. डोळ्याचं हे सरावणं इतकं सफाईचं आहे की उजेड किती घटला याचा आपल्याला अंदाजच येत नाही. ट्यूबलाइट लावलेली खोली म्हणूनच आपल्याला 'चांगली उजेडाची' वाटते.

मोजून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात तो १ लाख लक्सच्या आसपास असतो. रात्री एका ट्यूबच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो साधारण १०० ते २०० लक्स भरतो. शेतातल्या उजेडाचा पाचशेवा हिस्साही घरात नसतो. कॅमेऱ्याला ही तूट कुठून तरी भरून काढावीच लागते.

टँकर, पाइप आणि पिंप

फोटो म्हणजे सेन्सरवर ठरावीक उजेड गोळा करणं. उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला की आपण जे करतो, तोच हिशोब इथे चालतो. टँकर जास्त वेळ थांबला तर बारीक नळीनेही पिंप भरतं. तो लगेच निघणार असेल तर जाड पाइप लावावा लागतो. कॅमेऱ्याचं झाकण किती वेळ उघडं राहतं तो शटर स्पीड, म्हणजे टँकर थांबण्याचा वेळ. लेन्समधलं छिद्र किंवा अपर्चर म्हणजे पाइपची जाडी. तिसरा आकडा आयएसओ. पिंप अर्धंच भरलं तरी तेवढ्यावर भागवून घ्यायचं, असा त्याचा अर्थ. पण पाणी कमी असलं की तळाचा गाळ डोळ्यात भरतो. जास्त आयएसओच्या फोटोत चेहऱ्यावर रवाळ ठिपके दिसतात, ज्याला फोटोग्राफर ग्रेन किंवा नॉइज म्हणतात, तो हाच गाळ.

घरात कॅमेरा पहिला उपाय करतो तो वेळ वाढवण्याचा, आणि तिथेच फोटो हलतो. आयएसओ १६०० ठेवून ट्यूबच्या खोलीत किट लेन्स पूर्ण झूम केली, तर शटर जवळपास सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहतं. डोक्यावर धरलेल्या ओंजळीतून सुटून फूटभर खाली आलेलं बोर सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने पडत असतं. सेकंदाच्या तिसाव्या भागात ते ८ सेंटिमीटर सरकतं, म्हणून फोटोत त्याची रेघ होते. हेच शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागावर आणता आलं तर बोर ८ मिलिमीटर सरकेल आणि बोरासारखंच दिसेल. त्याच्याकडे झेपावणाऱ्या पोरांचे हात आणि एकदम वळलेली मान यांनाही हाच नियम लागू पडतो.

दुकानदार अनेकदा 'स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स घ्या' असं सुचवतात. ती सोय कॅमेरा धरणाऱ्या हाताची थरथर सावरते. समोरचं लेकरू हललं तर तिचा काही उपयोग नाही. लेकरांसाठी लेन्स घेताना त्या सोयीचे जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

एफचा आकडा लहान, तोंड मोठं

लेन्सवर ५० आणि १:१.८ असं छापलेलं असतं. पहिला आकडा फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये. लेन्स दृश्य किती जवळ ओढते ते त्यावरून कळतं. दुसरा एफ आकडा. फोकल लेंग्थला त्याने भागलं की छिद्राची रुंदी मिळते. ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. किट लेन्स ५० वर नेली की तिचा आकडा ५.६ होतो, म्हणजे छिद्र जेमतेम ९ मिलिमीटरचं. रुंदी तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊ-दहा पट होतं. वर सेकंदाचा तिसावा आणि तीनशेवा भाग असा दहापट फरक आला, तो इथूनच.

प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंग्थची, झूम न होणारी लेन्स. झूममध्ये काचांचे गट पुढे-मागे सरकवून प्रत्येक लांबीवर चित्र नीट बसवावं लागतं. त्यात रुंद छिद्र द्यायचं म्हटलं की काचा मोठ्या होतात आणि वजन व किंमत दोन्ही चढतात. एकाच लांबीसाठी बनवलेल्या लेन्सला ही कसरत नाही, म्हणून ती थोडक्या काचांत आणि थोडक्या पैशांत रुंद तोंडाची करता येते. अशा लेन्समुळे शटर झटपट मिटवता येतं, म्हणून तिला फास्ट म्हणायचं.

इथे एक शंका हमखास येते. फोनच्या जाहिरातीतही एफ १.८ लिहिलेलं असतं, मग फोटो का हलतो? एफ हा भागाकार आहे. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ पाच-सहा मिलिमीटर असते, त्यामुळे छिद्र तीन मिलिमीटरच्या आसपास येतं आणि मागचा सेन्सरही कॅमेऱ्याच्या मानाने कितीतरी लहान असतो. कमी उजेडात फोन पाठोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकमेकांवर जुळवतो. भिंत, कपाट आणि बसलेले आजोबा यांच्यासाठी ही युक्ती उत्तम. पळणारं लेकरू मात्र प्रत्येक फोटोत नव्या जागी असतं आणि जुळवताना विरघळून जातं.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्सचं तोंड इतकं बारीक होतं की माणसाला उन्हात कित्येक मिनिटं निश्चल बसावं लागे. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० साली हिशोब मांडून सुमारे एफ ३.६ची लेन्स आखली आणि फोख्टलेंडर या कारखान्याने ती घडवली. आधीच्या लेन्सपेक्षा ती पंधरा-वीस पट उजेड आत घ्यायची. बसण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला आणि माणसांचे फोटो काढणं हा धंदा होऊ शकला.

मोठी माणसं सावरली, तान्ही लेकरं तरीही सावरली नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी बाळांच्या फोटोंत मागे खुर्चीसारखं काहीतरी कापडाखाली झाकलेलं दिसतं. ती खुर्ची नसून बाळाला घट्ट धरून बसलेली आई असायची. आपल्याकडेही उजेडाचीच अडचण होती. कंधार तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाच्या सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांचा सिकंदराबादेत स्टुडिओ होता. त्या काळी अशा स्टुडिओंना छतात किंवा भिंतीत काचेची मोठी तावदानं ठेवत, कारण उजेड मिळवायची दुसरी वाट नव्हती. कडेवर धरलेलं किंवा कापडाआडून दाबून ठेवलेलं ते लेकरू आज मोकळं पळतं ठेवून फोटो काढता येतो, ही मला लेन्सच्या इतिहासातली सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते.

पन्नासची की पस्तीसची?

आता मुद्द्याचं. जवळपास प्रत्येक जण ५०ची एफ १.८ घ्यायला सांगतो. ती स्वस्त आहे, हलकी आहे, चेहरा सुरेख काढते. हे सगळं खरं असूनही आपल्या घरांसाठी हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो, कारण खोलीचं माप कुणी विचारत नाही.

घरोघरी असतात ते कॅमेरे बहुधा क्रॉप सेन्सरचे. त्यांचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमहून लहान. दृश्याचा मधलाच भाग त्यावर मावतो, त्यामुळे ५०ची लेन्स त्यावर जास्त जवळचं दाखवते. हिशोब सोपा आहे: सेन्सरच्या लांब बाजूला फोकल लेंग्थने भागायचं आणि समोरच्या अंतराने गुणायचं. ५० लावून अडीच मीटरवरून फोटो काढला तर लांब बाजूला १ मीटर १७ सेंटिमीटर एवढंच मावतं. कॅमेरा उभा धरला तर बालवाडीतलं एक पोर डोक्यापासून पायापर्यंत कसंबसं बसतं. त्याने हात वर केले की बोटं कापली जातात.

दहा बाय दहाची खोली म्हणजे तीन मीटर. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी आपलं शरीर आणि कॅमेरा यात अर्धा मीटर जातो. समोर पाट, पाटावर लेकरू, त्याच्यामागे ओवाळणाऱ्या बायका. अडीच मीटर अंतर प्रत्यक्षात मिळतच नाही. काका मागे सरकत उंबऱ्याबाहेर जातात आणि तिथून दाराच्या चौकटीतून त्यांना पाठीच दिसतात.

३५ची लेन्स दोन मीटरवरून १ मीटर ३४ सेंटिमीटर दाखवते. लेकरू, त्याच्या डोक्यावर ओंजळ धरलेली आत्या आणि बोरं लुटायला वाकलेली दोन-तीन पोरं एका फोटोत येतात. म्हणून क्रॉप सेन्सर आणि साधी खोली असेल तर माझं उत्तर ३५ची एफ १.८ हे आहे. वाड्याची लांब ओसरी, शाळेचं सभागृह किंवा स्नेहसंमेलनाचा रंगमंच असेल तिथे ५० खुलते. फुल फ्रेम कॅमेरा, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर असेल तर हिशोब बदलतो आणि तिथे ५० घरातही चालून जाते.

पैसे घालण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. किट लेन्सची कडी ३५ वर आणून एक संध्याकाळ तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या संध्याकाळी ५० वर. फोटो हललेले येऊ द्यात, फक्त पाठ कुठे भिंतीला टेकते आणि कोण कापलं जातं ते पाहायचं. घराला कोणती लेन्स हवी हे त्या दोन संध्याकाळींत कळतं.

फायद्याचं गणितही लांबीप्रमाणे बदलतं. ३५ वर किट लेन्स एफ ४.५ च्या आसपास असते, म्हणून ३५ची एफ १.८ घेतल्यावर उजेड सहा पट वाढतो. ५० वर हाच लाभ दहा पट आहे. निकॉनने खास क्रॉप कॅमेऱ्यांसाठी ३५ची एफ १.८ २००९ साली आणली आणि लेकरांच्या फोटोंसाठी तिच्याइतकी समजूतदार लेन्स क्वचितच सापडेल. कॅननच्या २०१४ सालच्या २४च्या चपट्या लेन्सचा कोन खोलीला छान बसतो, पण ती एफ २.८ आहे. किट लेन्सच्या मानाने उजेड दुपटीच्या आसपासच वाढतो, तेवढ्यासाठी मी ती घेणार नाही.

एफ १.४ किंवा १.२ चा मोह होतो. १.८ वरून १.४ वर गेलं की उजेड दीडपटीहून थोडा जास्त मिळतो, १.२ वर सव्वादोन पट. मोठ्या कंपन्यांच्या १.२ लेन्सची किंमत मात्र बहुधा फारच चढते, आणि तेवढ्या उघड्या तोंडाने पळतं लेकरू टिपणं किती अवघड, ते पुढे येतंच आहे.

उघडं तोंड, पातळ फोकस

छिद्र जितकं रुंद, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ. पाठीमागची अडगळ पुसट होते ते याचमुळे, आणि लेकराचा डोळा चुकतो तोही याचमुळे. क्रॉप कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स, एफ १.८ आणि दोन मीटर अंतर धरलं तर स्पष्ट पट्टा ११ सेंटिमीटरचा असतो. लहान मुलाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. दीड मीटरवर गेलो की पट्टा ६ सेंटिमीटर उरतो. पाटावर डुलणारं पोर एवढं अंतर, आपण बटण दाबेपर्यंत, सहज ओलांडतं. मग फोटो हललेला नसतो पण डोळे धूसर आणि मागचा कान लख्ख, असा येतो. पुष्कळ जण नवी लेन्स खराब निघाली म्हणून दुकानात परत नेतात, ती याच फोटोंवरून.

३५ घेतल्याने पट्टा आपोआप जाड होत नाही. लेकरू फोटोत तेवढंच मोठं हवं म्हणून आपण जवळ सरकतो आणि पट्टा पुन्हा तेवढाच पातळ होतो. उपाय म्हणजे छिद्र थोडं मिटवणं. एकटं लेकरू असेल तर मी एफ २ वर थांबतो, दोन-तीन पोरं एकत्र आली की २.८ वर जातो. तिथे ५०चा दोन मीटरवरचा पट्टा १७ सेंटिमीटर होतो. घटलेला उजेड आयएसओ ३२०० पर्यंत चढवून भरून काढायचा. रवाळ पण डोळे स्पष्ट असलेला फोटो घरात जपला जातो, गुळगुळीत पण हललेला कुणी ठेवत नाही.

कॅमेऱ्यात एम (मॅन्युअल) मोड लावून शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर आणि छिद्र २ वर ठेवावं, आयएसओ मात्र ऑटो. फोकस 'सतत पाठलाग' करणारा निवडावा. निकॉनमध्ये त्याला एएफ-सी आणि कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा सर्व्हो म्हणतात. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात डोळा शोधणारा फोकस असेल तर तो चालूच ठेवावा, लेकरांसाठी ही फार मोठी सोय आहे.

जुनी लेन्स घेताना

निकॉनच्या डी ३४००, डी ३५००, डी ५३००, डी ५६०० अशा कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेल्या लेन्समध्ये ती असते. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या 'एएफ-डी' लेन्स या कॅमेऱ्यांवर बसतात, फोटोही काढतात, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. पळत्या लेकरापुढे ते जमत नाही.

चौकट : नांदेडला दुकानात जाण्याआधी

- सेन्सर क्रॉप की फुल फ्रेम, आणि खोली किती फुटांची, हे आधी लिहून घ्या.
- क्रॉप आणि दहा-बारा फुटांची खोली असेल तर ३५. लांब ओसरी किंवा सभागृह असेल तर ५०.
- एफ १.८ पुरतो. १.२ साठी कर्ज काढू नका.
- स्टॅबिलायझेशन लेकरू थांबवत नाही.
- दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर लावून फोकस आपोआप होतो का ते पाहा. वापरलेली लेन्स असेल तर काचेतून उजेडाकडे बघून आत बुरशीची जाळी नाही ना, याची खात्री करा.

ट्यूब, छत आणि काळं झबलं

लेन्स आली तरी खोलीचा उजेड आपला स्वभाव सोडत नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब आणि हलके एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. अडीचशेव्या भागाचं शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतं, म्हणून पाठोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक पिवळट, एखाद्यावर काळपट पट्टा असं होतं. कॅमेऱ्यात 'अँटी-फ्लिकर' असेल तर चालू करावं. नसेल तर पाच-सहा फोटो सलग काढून त्यातला चांगला ठेवावा, किंवा चांगल्या प्रतीचा एलईडी बॅटन लावावा. जमत असेल तर बोरनहाण चार वाजता, खिडकीजवळ पाट मांडून करावं. खिडकीतला उजेड लुकलुकत नाही आणि तो ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो.

पांढऱ्या स्लॅबच्या खोलीत फ्लॅश छताकडे वळवला तर छतावरून परतलेला मऊ उजेड हालचाल गोठवतो. ही वाट लेन्सइतकीच चांगली आहे. माळवदाचं काळपट लाकूड मात्र तो उजेड पिऊन टाकतं आणि उरलेल्याला तांबूस करतं. तिथे रुंद तोंडाच्या लेन्सला पर्याय नाही.

शेवटची अडचण बोरनहाणाची खास आहे. लेकराला काळं झबलं घालतात आणि त्यावर हलव्याचे पांढरे दागिने. कॅमेऱ्याचा उजेडमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं मानून हिशोब करतो. चौकट काळ्या कापडाने भरली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि ऑटोवर असेल तर तो शटर आणखी सावकाश करतो. आधीच हलणारा फोटो झबल्यामुळे जास्त हलतो, शिवाय काळं कापड राखाडी होतं आणि हलव्याचे काटे पांढऱ्या थरात बुडून जातात. यासाठी प्लस-मायनसचं चिन्ह असलेल्या सेटिंगने उजेड उणे ०.७ वर आणावा आणि एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहावा. हलव्याचे काटे सुटे दिसत नसतील तर उणे १ करावं. झबलं जास्त काळं वाटलं तर ते नंतर फोनवरही उजळता येतं, पण पांढऱ्यात बुडालेला काटा परत काढता येत नाही.